शेजारी बसून जेवणारी

धामापूर,
१८ नोव्हेंबर २०२४

ताई,

हे पत्र लिहायचं मी महिनाभर टाळतोय. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा दिवाळी आली, आणि दिवाळीत कोण भांडतं. मग रोज ठरवायचो की उद्या सकाळी नक्की, आणि सकाळी तलावावर धुकं इतकं चांगलं पडतं की भांडण आठवत नाही. शिवाय सुरुवात काय करायची ते सुचेना. "प्रिय" लिहिलं तर खोटं वाटतं आणि "सा. न." लिहिलं तर हरल्यासारखं. तू माझा नंबर ब्लॉक केलास. श्रियावहिनीच्या फोनवरून लावला तर आवाज ओळखून ठेवून दिलास. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे.

मी सध्या धामापुरात आहे. तलावाकाठी चार खोल्यांचं लॉज आहे. तिथं स्वयंपाक, झाडलोट, पाहुण्यांना भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या दाखवणं, सगळं मीच. बारावी सायन्स अर्ध्यात सोडलेल्याला आणखी काय मिळणार, असं तू म्हणशील. म्हण. पण सायन्स मला इथंच भेटलं. गौरजा नावाची एक मुलगी कोल्हापूरहून येऊन राहिलीय. माशांच्या उवांचा अभ्यास करते. खरंच, त्यावर पीएच.डी. मिळते. सकाळी एस.टी.नं मालवण बंदरावर जाते, दुपारी मासे घेऊन येते, त्यांच्यातल्या उवा चिमट्यानं काढून बाटल्यांत भरते आणि उरलेला मासा माझ्याकडे देते. मी तो तळतो. लॉजच्या मालकाला वाटतं मासा त्याच्या पैशाचा आहे. असो.

परवा तिनं हलवा मासा आणला. मी साफ करायला घेतला, तोंड उघडलं, तर आत जिभेच्या जागी एक पांढरट किडा बसलेला, डोळे असलेला, माझ्याकडे बघत. मी मासा हातातून टाकलाच. ती मात्र सोनं सापडल्यासारखी धावत आली. सांगायला लागली की ही ऊ बारीक असताना कल्ल्यातून आत शिरते. एक जात तर अशी आहे की माशाच्या जिभेचं रक्त पीत राहते, जीभ सुकून जाते, मग ही त्या जागी बसते ती कायमची. मासा तिलाच जीभ म्हणून वापरतो. मी विचारलं, अशा प्राण्याला म्हणायचं काय. ती म्हणाली, पॅरासाइट.

मला लगेच बाबांचं वर्षश्राद्ध आठवलं. पडवीत पंगत बसलेली. गुरुदासदादानं सगळ्यांदेखत सांगितलं की अक्काची समुद्राकडची खोली नाताळाआधी रिकामी हवी, पर्यटकांना द्यायचीय. बाबांसोबत किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या महादूनं विचारलं, मग अक्का कुठे जाणार. आणि तू पानावरची नजर न काढता म्हणालीस, "शी इज अ पॅरासाइट, दॅट्स ऑल." तेव्हा अक्का तुझ्याच पानापाशी वड्यांची टोपली घेऊन वाकली होती. तिनं तुला दोन वडे वाढले आणि पुढे गेली.

गौरजाला मी हे सगळं सांगितलं. बाबांच्या होडीवरचा शंकर खलाशी समुद्रात गेला तो परत आला नाही, तेव्हा बाबांनी त्याच्या बायकोला, चंद्रावतीला, घरी आणलं. नातं ना गोतं. आई गेली तेव्हा मी धड चालतही नव्हतो, मला या अक्कानंच वाढवलं. गौरजा बाटलीवर चिठ्ठी चिकटवत ऐकत होती. मग म्हणाली, तुझ्या बहिणीला त्या शब्दाचं मूळ माहीत आहे का? तो ग्रीक आहे. "पॅरा" म्हणजे बाजूला, जवळ. "सिटॉस" म्हणजे धान्य, अन्न. दोन्ही मिळून, दुसऱ्याच्या शेजारी बसून जेवणारा. एवढंच. रक्त पिणं, चिकटणं, सुकवणं यातलं काही त्यात नाही. शास्त्रवाल्यांनी तो शब्द उवांना आणि झाडावरच्या झाडांना लावला त्याला अडीचशे-तीनशे वर्षं झाली असतील. त्याच्या आधी दोन हजार वर्षं तो फक्त माणसांना होता.

तर ताई, शेजारी बसून जेवणारी एवढाच अक्काचा गुन्हा असेल, तर तो तुझाही आहे आणि माझाही. दादा माझं ऐकत नाही, मी त्याच्या लेखी वाऱ्यावरचा. तुझं ऐकतो. तू एकदा सांग की अक्का त्या खोलीत मरेपर्यंत राहील. नाताळाला अजून वेळ आहे.

स्वरूप


जामसंडे,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. स्वरूप,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, वेलांटी कुठे आणि अक्षर कुठे.

मी आठवी ते दहावीला सायन्स शिकवते. तेव्हा एका लॉजच्या आचाऱ्यानं मला पॅरासाइटचा अर्थ कळवावा हे छान झालं. त्या मुलीनं सांगितलेलं मूळ बरोबर असेल. पण त्यानं काय बदलतं? उवेला ग्रीक येत नाही. इथं जामसंड्यात माझ्या घरमालकांच्या हापूसवर बांडगूळ आलंय. त्याला हिरवीगार पानं आहेत, केशरी फुलं येतात, लांबून बघणाऱ्याला झाड भरलंय असं वाटतं. परवा मालकांनी ती फांदीच तोडली. त्यांनी आधी शब्दाचं मूळ शोधलं नाही.

तुझं पोट तिनं भरलं हे मला मान्य आहे. तू तिची बाजू घे, मी तुला अडवत नाही. पण तुझ्या आठवणी जिथं सुरू होतात त्याच्या आधी या घरात दहा वर्षं गेली होती, आणि ती मला आठवतात. आईनं तिला कधी चुलीपाशी येऊ दिलं नाही. ती पडवीत बसून जेवायची, ताट स्वतः धुवायची. लोक काय काय बोलायचे ते मी शाळेच्या वाटेवर ऐकायचे. आई बोलायची नाही. आई भात उपसायची आणि पडवीकडे पाठ करून बसायची. मी पाचवीत होते, स्वरूप. पाचवीतल्या मुलीला पाठीवरून चेहरा वाचता येतो.

मग आई गेली. बाराव्याचा स्वयंपाक वाडीतल्या बायकांनी केला. तेराव्या दिवशी सकाळी मी उठले तर चुलीपुढे अक्का बसली होती, आईच्या पाटावर. कोणी तिला बस म्हटलं नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत आणि दादाला भूक लागली होती.

तुझ्या त्या हलव्याची गोष्ट म्हणून मला फार पटली. जीभ गेल्यावर तिच्या जागी बसते, आणि मासा तिलाच जीभ समजतो. मी दुसरं काय म्हणाले होते?

दादाला मी काही सांगणार नाही. खोली त्याची, निर्णय त्याचा. तुला एवढा पुळका असेल तर घरी येऊन उभा राहा. दुसऱ्याच्या चुलीवरून पत्रं पाठवू नकोस.

प्रियांका


खारेपाटण,
१२ डिसेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र धामापूरला आलं तेव्हा मी निघायच्या गडबडीत होतो. मालकाला माशांचा हिशेब कळला आणि त्यानं मला जा म्हटलं. गौरजा तर आधीच कोल्हापूरला परतली होती. मी चिऱ्यांच्या ट्रकवर बसून निघालो. ड्रायव्हर बाबू, माणूस देवासारखा, फक्त घाटात डोळे मिटून गाणं म्हणतो. त्याचं घर खारेपाटणात नदीकाठी आहे. इथं पूर्वी समुद्रातली गलबतं यायची म्हणे, आता गाळात म्हशी बसतात. मी रोज ट्रकमधले चिरे उतरवतो आणि बाबूच्या घरी जेवतो. काल ताटावर बसलो असताना बाबूच्या आईनं मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्याला विचारलं, "कितके दिस रवतलो रे हो?" बाबू म्हणाला, "रवान दी गो." मी भात थोडा कमी घेतला. तुझ्या शब्दाची चव कशी लागते ती मला कळली. तुला हे आवडेल.

आईचं तू जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. मला आईचा चेहरा आठवत नाही. तुला पाठ आठवते. अक्काला विचारायचं माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

पण शब्दाचं पुढे ऐक, कारण गौरजानं जाताना उरलेलं सांगितलं आणि ते मी तुला लिहायचं ठरवलं होतं. तो शब्द सुरुवातीला शिवी नव्हता. ग्रीसमध्ये काही देवळं अशी होती की गावातून माणसं निवडायचे, देवाचं धान्य त्यांच्या हाती द्यायचे, आणि देवाच्या जेवणाला त्यांना पुजाऱ्याच्या शेजारी बसवायचे. त्या माणसांना म्हणायचे पॅरासाइट. आपल्याकडे मानकरी असतात तसे. मानाचं ताट. पुढे तिथल्या नाटकवाल्यांनी श्रीमंतांच्या पंगतीत फुकट जेवणाऱ्या, हांजी हांजी करणाऱ्या माणसाला तो शब्द लावला, लोक हसले, आणि मानकऱ्याचा झाला फुकट्या. त्यानंतर झाली ऊ. म्हणजे शब्द खाली खाली येत गेला. मी गौरजाला विचारलं, कधी वर गेला का? तिला माहीत नव्हतं.

तू म्हणालीस घरी येऊन उभा राहा. बरोबर आहे. मी येत्या रविवारी घरी, तळाशिलाला पोचतो आणि दादासमोर उभा राहतो. बाबूचा एक ओळखीचा होडीनं खाडीतून विजयदुर्गापर्यंत जातोय, त्याच्यासोबत निघतो. इतक्या जवळून किल्ला कधी बघितला नाही, तो एकदा बघून लगेच एस.टी. पकडतो. तू दादाला फक्त एवढं सांग की रविवारपर्यंत थांब.

स्वरूप


जामसंडे,
२९ डिसेंबर २०२४

स्वरूप,

विजयदुर्गाचा पत्ता बाबूकडून घेतला. किल्ला बघून झाला का?

अक्का गेली. नाताळच्या आदल्या दिवशी. मला सुट्टी लागली होती म्हणून मी घरी होते. तू येणार म्हणून मी दादाला खरंच थांब म्हटलं होतं, हे तुला कळावं म्हणून लिहिते. तो एक रविवार थांबला. त्याच्या पुढचाही थांबला. मग त्यानं पुण्याच्या लोकांचं बुकिंग घेतलं.

तिनं सकाळी भांडी घासली, चूल सारवली. गॅस आल्यापासून ती चूल कोणी पेटवत नाही, तरी सारवली. एका गाठोड्यात दोन लुगडी आणि तिची मासे कापायची आदोळी बांधली. वहिनीनं चहा पुढे केला तो तिनं घेतला नाही. दादा पडवीत फोनवर बोलत होता, त्यानं हात वर करून थांब अशी खूण केली. ती थोडी थांबली, मग फोन संपेना म्हणून निघाली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "येतंय गो बाय." मी हो म्हटलं. कुठे चाललीस ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

तिच्या खोलीत आता दोन पलंग आहेत आणि भिंतीवर डॉल्फिनचं चित्र.

प्रियांका


विजयदुर्ग,
७ जानेवारी २०२५

ताई,

किल्ला बघितला. चांगला आहे.

मी इथं एका होडीवर जाळी विणायला राहिलो. दोन दिवस म्हणून राहिलो होतो. तुला जे म्हणायचं असेल ते म्हण, मी आज उलट बोलणार नाही. पण एक सांग. एवढ्या मोठ्या घरात तीन माणसं शिकलेली, त्यातलं एकही तिच्यामागे फाटकापर्यंत गेलं नाही? तुला आईची पाठ आठवते. अक्काची पाठ बघून काय वाचलंस?

ती कुठे गेली ते कळलं तर लिही. नाही कळलं तर लिहू नकोस.

स्वरूप


जामसंडे,
२० जानेवारी २०२५

स्वरूप,

ती कुठे गेली ते मला कळलेलं नाही, तरी लिहिते आहे. नंबर मी अनब्लॉक केलाय. पण फोन करू नकोस, हे मला तोंडानं सांगता येणार नाही.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी घरी गेले होते. दुपारी पानात अंड्याचं सांबार आलं. समुद्र हाकेवर, आणि घरात अंडी. मी वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, अक्का गेल्यापासून रापणीवरून टोपली येत नाही. दादाचं म्हणणं, महादू वर्षश्राद्धापासून रागावलाय. बाबांचा वाटा त्यानं मुद्दाम बंद केला, याची तक्रार करायला हवी.

बाबांचा वाटा म्हणजे काय ते तुला माहीतच आहे. निदान आपल्याला जे माहीत होतं ते. बाबा रापणीचे जुने माणूस, अर्धं आयुष्य त्यांनी किनाऱ्यावरून ते जाळं ओढलं. लकवा होऊन खाटेवर पडले तरी रोज टोपली यायची, बांगडे, तारले, जे पडेल ते. मी बी.एड.ला होते, सुट्टीत यायचे, तेव्हाही पानात मासा असायचा. बाबांचा मान म्हणून गाव पाठवतं, असं मी मैत्रिणींना अभिमानानं सांगायचे. अक्का सकाळी टोपली घेऊन जायची ती आपला वाटा आणायला, आणि उरलेला विकून यायची, असंच मी धरून चालले होते.

संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेले. रापण नुकतीच ओढून झाली होती. वाळूत वाटे घातलेले, एकेक ढीग एकेकाच्या नावानं. देवाचा वेगळा, होडीचा वेगळा. मी महादूला विचारलं, यात बाबांचा वाटा कुठला. शिक्षिकेच्या आवाजात विचारलं असणार, कारण दोघे मासे खाली ठेवून उभे राहिले.

महादू म्हणाला, "वाटो घराक नसता गो बाय. वाटो हाताक असता. तुझ्या बापाशीचो हात पडलो त्याच दिसाक त्याचो वाटो सोपलो. मगे चंद्राक्काचो हात दोरीक लागलो."

बाकीचं त्यानं मासे निवडता निवडता सांगितलं. बाबा पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दोर धरायला येऊन उभी राहिली. त्या रापणीवर तोवर बाई उभी राहिली नव्हती. लोक हसले, ती हसू देत उभी राहिली. तळव्यांचं कातडं गेलं तेव्हा चिंध्या बांधून आली. तिनं महादूकडून एकच कबूल करून घेतलं होतं की घरात कोणाला सांगायचं नाही. टोपली तुकारामाची, बाबांची म्हणूनच जायला हवी. खाटेवरच्या माणसाला कळलं असतं की त्याच्या पानातला मासा कोणाच्या हाताचा, तर तो जेवला नसता. बाबा गेल्यावरही तिनं ते तसंच चालू ठेवलं, आणि आम्ही खाल्लं. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशीचा मासासुद्धा.

दादाला हे माहीत होतं का, मी विचारलं नाही. घरात तो उशिरा उठतो.

नववीला तो धडा मी दर वर्षी शिकवते. फळ्यावर दोन रकाने करायचे, एकात परजीवी, दुसऱ्यात पोशिंदा, आणि मुलांनी जोड्या लावायच्या. आज तो धडा आला. मी मुलांना पुस्तकातून वाचायला सांगितलं आणि खिडकीपाशी उभी राहिले. एका मुलीनं विचारलं, बाई, फळा कोराच ठेवायचा का? मी म्हटलं, ठेव.

याचा अर्थ मी तिला सगळं माफ केलं असा घेऊ नकोस. आईच्या पाटाचं जे आहे ते आहे, ते मासे खाऊन धुतलं जात नाही. पण शब्द मी चुकीच्या रकान्यात लिहिला होता. तिला शोध. तुला भटकायला कारण लागत नाही, या वेळी एक घे. हे पत्र तिला वाचून दाखव. आधीचंही दाखव, आईचं ज्यात लिहिलंय ते. मला तिच्यापासून काही लपवून माफी मागायची नाही.

ताई


तांबळडेग,
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

या वेळी वाटेत कुठे थांबलो नाही. कणकवलीला थोडा थांबलो, पण ती एस.टी.ची चूक.

शोधायला काहीच लागलं नाही. तळाशिलाला जाऊन महादूला विचारलं, अक्का खंय आसा. तो म्हणाला, तांबळडेगच्या रापणीवर, मीच तिला तिकडच्या म्होरक्याकडे पाठवलं. मी चिडलो. ताई येऊन उभी राहिली होती ना तुझ्यासमोर, तिला का नाही सांगितलंस? तर म्हणतो, "बायन वाटो इचारल्यान. चंद्राक्का खंय ता नाय इचारल्यान." मला वाटलं तो टोमणा मारतोय. पण तो खरंच तसा आहे, विचारलं तेवढंच सांगतो. आणि ती तुझ्या शाळेपासून एका एस.टी.वर आहे. जामसंड्याच्या बाजाराला मासे घेऊन येते. दोनदा तिनं तुला बघितलं म्हणे. तू भाव विचारायला थांबशील या भीतीनं पदर पुढे ओढून बसली.

मी पोचलो तेव्हा रापण ओढत होते. दोराच्या दोन्ही टोकांना माणसं, आणि समुद्राकडच्या टोकाला कंबरभर पाण्यात अक्का. केस कापलेत तिनं, मानेपर्यंत. मी धावत गेलो. माझ्या डोक्यात होतं की ती रडेल. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं.

"इलंस? दोरीक हात लाव पयलो. बोलणा मागीर."

मी हात लावला. ताई, तो दोर ओढून बघ एकदा, मग फळ्यावर काय लिहायचं ते लिही. जाळ्यात फार काही नव्हतं, पेडवे आणि कचरा. मोठ्या बोटी रात्री दिवे लावून आधीच सगळं उपसून नेतात. वाटे घातले तेव्हा म्होरक्यानं माझ्याही नावानं मूठभर पेडवे टाकले. अक्कानं ते तिच्या टोपलीत घेतले नाहीत. म्हणाली, तुझे तू रांध. तिला रापणीवरच्या एकानं माडाच्या बागेतला मांगर दिलाय राहायला, एक खोली, बाहेर चूल. मी माझे पेडवे माझ्या हातानं केले, तिखट जास्त पडलं. तिनं तिचं वेगळं केलं. आम्ही शेजारी शेजारी बसून जेवलो, ताटात ज्याचं त्याचं. तेव्हापासून रोज असंच चाललंय. मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी विरघळेल. ती म्हणते, आता कोणाचंच करायचं नाही.

तुझी दोन्ही पत्रं मी वाचून दाखवली. महादूनं सांगितलेलं आलं तेव्हा तिनं महादूला एक शिवी दिली. आईचं आलं, पाटाचं, तेव्हा म्हणाली परत वाच. परत वाचलं. म्हणाली, "बायन बरोबर लिवल्यान." मग पेडव्यांची डोकी काढता काढता तिनं सांगितलं की त्या सकाळी चूल थंड होती, तू आणि दादा उठायच्या आधी मी रडत होतो, आणि विचारायला जायचं तर कोणाकडे जाणार. आईचा पाट होता हे तिला माहीत होतं. दुसरा पाट घरात नव्हता. एवढंच बोलली. खरं-खोटं करण्यासारखं त्यात काही नाही, तसं तुला लिहितोय.

मग मी गौरजाचं सगळं सांगितलं. ग्रीक, देऊळ, मानकरी, मानाचं ताट. मला वाटलं, हे तिला आवडेल, मी एवढं जपून आणलेलं. तिनं नीट ऐकलं. नंतर म्हणाली, "त्या शब्दाचा माका काय नाय रे. पण ता बाय इंग्रजीत बोलला, ह्या माका लागला. आमच्या भाशेत गाळी कमी आसत?"

शब्दाचं मूळ शोधत मी तीन महिने फिरलो, आणि तिला लागलं ते वेगळंच होतं. तिच्या तोंडावर बोलायचं आणि तिला कळू नये अशी सोय करून बोलायचं. ती म्हणते, अर्थ तिला तेव्हाच कळला होता. पंगतीतल्या माणसांनी खाली घातलेल्या माना बघून.

तळाशिलाला परत चल, असं मी विचारून बघितलं. ती हसली. हसण्यासारखं मी काय बोललो ते मला कळलं नाही. तुझं पत्र तिनं ठेवून घेतलंय, वाचता येत नाही तरी. तू यायचं की नाही ते तू ठरव. बोलावणं नाही, पण येऊ नको असंही ती म्हणालेली नाही. आलीस तर सकाळी ये, दोर पाण्यात असताना. दुपारी आलीस तर ती तुला पाहुणी समजेल.

इथपर्यंत लिहिलं आणि बाहेर मोटारसायकल थांबली.

दादा आलाय. एकटाच. हातात मालवणी खाज्याचा पुडा. पत्ता महादूशिवाय कोणाला माहीत नाही, म्हणजे त्यानं विचारला असणार. मांगराच्या दारातल्या दगडावर बसला, पुडा मांडीवर ठेवला. चेहरा उतरलाय, की उन्हानं तसा दिसतोय, मला सांगता येणार नाही. मग आत बघून, घरात मागायचा तसंच म्हणाला, "अक्का, पाणी दी."

मी उठणार होतो, तिनं मला हातानं बसवलं आणि आत गेली. पाणी अजून आलेलं नाही. दादा पुड्याची दोरी सोडतोय, परत बांधतोय. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज येतोय. किती जणांचे, ते इथून कळत नाही.

स्वरूप